पाण्यात पडलेले फोन, भिजलेल्या वस्तू: काय वाचलं, काय गेलं?

सांजवात
आज कपाटाचा खालचा कप्पा आवरायला काढला. जुन्या चार्जरांच्या गुंत्याखाली आईचा फोन सापडला. मागचं झाकण काढलं तर बॅटरीच्या कडेला तांदळाचा एक दाणा अजून तसाच अडकलेला.

बारा वर्षं झाली. आई कपडे भिजवायला वाकली आणि फोन खिशातून थेट साबणाच्या बादलीत. मी झटकन काढला, पुसला आणि चालतोय का बघायला बटण दाबलं. चालला! आनंदाच्या भरात चार्जिंगला लावला. पंधरा मिनिटांत स्क्रीनवर आडव्या रेघा आल्या, मग काळोख. तीन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला, पण तो काही परत सुरू झाला नाही. पुढच्या वर्षी आई गेली.

दुपारी घरात कुणी नसलं की ती गुणगुणायची आणि ते फोनवर रेकॉर्ड करून ठेवायची. आम्हाला ऐकवायला लाजायची. ते सगळं त्यात होतं. दाणा हातात घेऊन बराच वेळ बसले होते.

तुमच्याही वस्तू अशा भिजल्या असतील. लिहा ना. फोनच हवा असं नाही.

अर्धविराम
ताई, वाचून गलबललं. सविस्तर रात्री लिहितो.

निळाई
लॅपटॉप. मांजर. पाण्याचा ग्लास. एवढ्यावरून कळलंच असेल 😄
तरी बहिणीने फोनवरून ओरडून सांगितलं म्हणून वाचला. आधी चार्जरची पिन काढ, मग पॉवरचं बटण बंद होईपर्यंत दाबून धर. सेव्ह वगैरे करत बसू नकोस! मग उघडाच उलटा करून तंबूसारखा टॉवेलवर उभा केला, कीबोर्ड खाली. टप टप पाणी गळताना बघवत नव्हतं. दोन दिवस पंख्याखाली ठेवला. सुरू झाला, फक्त एक की गेली. नेमकी एंटरची.

दूरचा_प्रवासी
मांजराचं नाव काय?

निळाई
ढगू. करडा आहे. आताही कीबोर्डवरच झोपलाय, म्हणून फोनवरून लिहितेय.

खटपट्या
दुरुस्तीच्या टेबलावर बसून पंधरा वर्षं झाली, म्हणून जरा लांबण लावतो.

फोन नुसत्या पाण्याने मरत नाही. पाणी आत असताना वीज चालू राहते, त्याने मरतो. पाण्यात क्षार असतात, साबण असतो, त्यातून नको तिथे करंट जातो आणि बोर्डावरचं तांबं अक्षरशः विरघळायला लागतं. उघडल्यावर हिरवट-पांढरी बुरशी दिसते ना, ती बुरशी नसतेच, गंज असतो. हे काही मिनिटांतसुद्धा सुरू होतं. म्हणून "चालतोय का बघू" हेच सगळ्यात महाग पडतं. सांजवातताई, हे तुम्हाला बोल लावायला लिहीत नाहीये. माझ्याकडे येणारे दहातले नऊ जण हेच करून येतात, आणि प्रेमापोटी करतात.

करायचं काय? बंद करा. कव्हर, सिमचा ट्रे, निघत असेल तर बॅटरीही बाहेर. झटकू नका, कोरड्या भागातलं पाणीही त्याने आत जातं. हेअर ड्रायर नको, गरम हवेने आतला गोंद सुटतो आणि वाफ भलतीकडे जाऊन बसते. चार्जिंग तर नकोच. जमेल तितक्या लवकर उघडणाऱ्याकडे न्या. आम्ही आधी बॅटरी सोडवतो, मग ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश घेऊन बोर्ड धुतो. अल्कोहोल पाण्यात मिसळतं, त्याला घेऊन उडून जातं. घरी करणार असाल तर लक्षात ठेवा, ते भुर्रकन पेट घेतं.

पावसाळी_छत्री
पण तांदळाने माझा फोन खरंच वाचला होता हो. दोनदा.

खटपट्या
वाचला याचा आनंदच आहे. पण बाहेर हवेत ठेवला असता तरी वाळला असता, उलट लवकर. बंद फोनच्या आतलं पाणी तांदूळ ओढून काढत नाही आणि आत बसलेले क्षार तर तो काढूच शकत नाही. पिठूळ कण मात्र चार्जिंगच्या भोकात जातात. २०२४ च्या जानेवारीत ॲपलनेही आपल्या मदतपानावर लिहिलं, तांदळात ठेवू नका.

पावसाळी_छत्री
बरं. आता नाही ठेवणार 🙏

चिंचेचं_झाड
माझा फोन आयपी६८ वाला, म्हणजे पाण्यात टिकतो असा आकडा मिळालेला होता, म्हणून लेकाचे फोटो काढायला समुद्रात घेऊन उतरले. घरी येऊन नुसता पुसला. तिसऱ्या दिवशी चार्जिंग होईना. पिनेच्या भोकात डोकावले तर हिरवी कड धरलेली. वॉरंटीत बसत नाही म्हणाले. सिमचा ट्रे काढून आत एक ठिपका दाखवला, पांढरा असतो तो पाणी लागून लाल झाला होता. तो ठिपका असतो हेच माहीत नव्हतं मला.

खटपट्या
त्या आयपी आकड्याची चाचणी स्वच्छ गोड्या पाण्यात घेतात. आयपी६७ म्हणजे १ मीटर खोल, ३० मिनिटं. ६८ मध्ये त्याहून जास्त, पण किती ते कंपनी ठरवते. खारं पाणी त्यात धरलेलं नसतं. आणि आतलं रबर जुनं होतं, फोन एकदा आपटला की फट पडते. जुन्या फोनला त्या आकड्याच्या भरवशावर पाण्यात नेऊ नये.

दूरचा_प्रवासी
माझे इअरबड डबीसकट वॉशिंग मशीनमध्ये फिरून आले. बाहेर काढून डबी उघडीच ठेवली, बड वेगळे, दोन दिवस हातही लावला नाही. चालू आहेत अजून! डाव्यातून आवाज जरा लांबून येतो.

अळवाचं_पान
दूध उतू गेलं, येते.

अर्धविराम
आता निवांत आहे.
आजोबा कानातलं यंत्र लावूनच आंघोळीला गेले. बाहेर आल्यावर आम्ही काय बोलतोय ते कळेना, तर त्यांना वाटलं सगळे त्यांच्यापासून काहीतरी लपवताहेत. रुसून बसले. आजीने कागदावर लिहून दिलं, "यंत्र भिजलंय, आम्ही चांगलं बोलतोय." तो कागद त्यांनी चष्म्याच्या डबीत जपून ठेवलाय.
सेल काढला, सेलचं दार उघडं ठेवलं, नळी सोडवून त्यातला थेंब फुंकून काढला आणि रात्रभर ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या बरणीत ठेवलं. सकाळी ऐकू यायला लागलं.

निळाई
तो कागद 🥹

अळवाचं_पान
आले. माझं पाणी नाही, पण जवळचंच. रिमोटमध्ये अल्कलाइन सेल फुटून पांढरी भुकटी साचली होती. कापसाच्या काडीला जरासं व्हिनेगर लावून फिरवलं, फसफसलं, मग अल्कोहोलने पुसून वाळवलं. स्प्रिंग चकचकीत झाली आणि रिमोट चालू! हाताला भुकटी लावून घेऊ नका, चरचरते.

खटपट्या
बरोबर केलंत. अजून एक राहिलं, भिजल्यावर फोनची पाठ फुगलेली दिसली किंवा तो आपोआप गरम व्हायला लागला तर दाबू नका, टोचू नका, चार्जिंग नाही. लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते.
सांजवातताई, एक विचारायचं होतं. त्या फोनमध्ये मेमरी कार्ड होतं का?

सांजवात
माहीत नाही हो. बॅटरीखाली एक पत्र्याची खाच आहे.

खटपट्या
मग बघाच. फोनला वीज अजिबात देऊ नका. कार्ड असेल तर हळूच काढा. सोनेरी पट्ट्या अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग कार्ड रीडरमध्ये लावा. कार्ड बंद प्लास्टिकचं असतं, पाण्यातून बऱ्याचदा वाचतं. रेकॉर्डिंग कार्डवर जात होतं की फोनच्या आत, ते मात्र उघडल्यावरच कळेल.

चिंचेचं_झाड
ताई, लगेच बघा!! मी इथेच आहे.

पावसाळी_छत्री
मीही.

सांजवात
कार्ड आहे. पट्ट्या काळवंडल्यात. शेजारच्या मुलाकडे रीडर आहे, तो शाळेतून आला की.

अर्धविराम
तोवर वेळ जात नसेल तर सांगतो, आजोबांनी कागदाच्या मागे उत्तरही लिहिलं होतं: "मग आधी सांगायचं ना."

सांजवात
उघडलं.
फोटो बरेचसे फुटलेत. आवाजाच्या एकोणीस फायली आहेत. पहिल्या फाइलीत आधी नुसती भांड्यांची खळखळ, मग आई म्हणते, "सुरू झालं का हे?" मग गुणगुणते. मधेच कुणीतरी हाक मारतं आणि ती थांबते. हाक मीच मारलीय.
बाकीच्या अजून लावल्या नाहीत. दादा, काय बोलू तुम्हाला.

खटपट्या
आधी सगळ्याची नक्कल दोन ठिकाणी करून ठेवा. मग ऐका. नकलेवरून ऐका, कार्डवरून नको.

निळाई
ढगूला उठवून लॅपटॉप घेतला आणि माझे फोटो कॉपी करायला लावलेत. चार तास दाखवतोय.