आयर्लंडची दानपेटी: आधी मलावी, की आधी घर सोडून गेलेले म्हातारे?

लीकाठचा_गणपत

कॉर्कला येऊन मला आता आठ वर्षं होतील. ईस्टरच्या आधी चाळीस दिवस इथे लेंट पाळतात. आपल्या श्रावणासारखंच, काहीतरी सोडायचं. त्या दिवसांत शेजारच्या आजींच्या फ्रीजवर पुठ्ठ्याचा एक चिमुकला खोका येऊन बसतो. ट्रोकरा ही १९७३ साली निघालेली संस्था आहे, तिचा तो खोका. घरातली चिल्लर त्यात पडते, ईस्टरला मोजदाद होते आणि पैसे आफ्रिकेकडे रवाना होतात. मागच्या वर्षी खोक्यातली नाणी टेबलावर ओतताना आजी सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "माझा भाऊ बर्मिंगहॅमला वारला. खोलीत एकटाच होता. तीन दिवसांनी कळलं." एवढं बोलून त्यांनी वीस-वीस सेंटच्या चळती लावायला घेतल्या.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घोळतोय, म्हणून हा धागा.

आयर्लंडची वस्ती पन्नास लाखांच्या थोडी वर, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढी. इथे एका राज्यमंत्र्याच्या पाटीवर 'आंतरराष्ट्रीय विकास आणि डायस्पोरा' (म्हणजे परदेशस्थ आयरिश) अशी दोन खाती एकत्र आहेत. २०२५ च्या अर्थसंकल्पात विकास मदतीला, म्हणजे मलावीसारख्या गरीब देशांना द्यायच्या पैशाला, ८१ कोटी युरो. परदेशी गेलेल्या आयरिश लोकांसाठीच्या एमिग्रंट सपोर्ट प्रोग्रॅमला मात्र साधारण दीड कोटी.

एकट्या १९५० च्या दशकात इथून चार लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली, बहुतेक इंग्लंडला. त्यांनी तिथले रस्ते खणले, बोगदे खणले, इमारती उभ्या केल्या. मजुरी रोख हातावर, विम्याची नोंद नाही, म्हणून म्हातारपणी पेन्शनही नाही. आणि तारेची मनीऑर्डर दर आठवड्याला घरी. त्या पैशावर इथली भावंडं शिकली. सरकारने नेमलेल्या टास्क फोर्सने २००२ साली या लोकांची अवस्था कागदावर मांडली, तेव्हा कुठे २००४ मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला. तोवर कितीतरी जण वारलेले.

माझं म्हणणं साधं आहे. ज्यांनी घर चालवलं त्यांचं देणं आधी. आफ्रिकेची मदत बंद करा असं मी म्हणत नाही, पण त्यातले पाच टक्के या म्हाताऱ्यांकडे वळवा.

सडेतोड

साफ असहमत. गणपतराव, तुम्ही देणं म्हणजे भाऊबंदांचं देणं एवढाच अर्थ घेताय.

कॉर्कला राहता म्हणजे मिडलटन तुमच्यापासून अर्ध्या तासावर. तिथल्या बागेत स्टीलची नऊ पिसं उभी आहेत, पुरुषभर उंचीच्या कितीतरी वर. पाहिली नसतील तर जाऊन या. १८४७ मध्ये, ऐन बटाट्याच्या दुष्काळात, अमेरिकेतल्या चॉक्टॉ आदिवासींनी १७० डॉलर गोळा करून पाठवले होते, त्याची ती आठवण. त्याच चॉक्टॉंना सोळा वर्षांपूर्वीच त्यांच्या जमिनीवरून हुसकावलं होतं, वाटेत हजारो मेले होते. त्यांचा आयर्लंडशी संबंध काय? काहीही नाही. त्याच्या आधी १८४६ मध्ये कलकत्त्याहून चौदा हजार पौंडांच्या आसपास आले. त्यात तिथले आयरिश शिपाई होते हे खरं, पण सगळे काही आयरिश नव्हते.

या देशाची मदत देण्याची सवय इथून आलीये. दहा लाख मेले, दहा लाख बोटीत बसले. भुकेल्याला देताना नातं विचारायचं नाही, हे त्या काळाने शिकवलं.

आणि बर्मिंगहॅमच्या म्हाताऱ्याला एनएचएस, म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, आहे. इंग्लंडमध्ये आयरिश माणसाला मतदानाचाही हक्क आहे. मलावीतल्या बाईला काय आहे? शिवाय त्या दीड कोटीतले सगळे काही म्हाताऱ्यांपर्यंत जात नाहीत. खेळाचे क्लब, सांस्कृतिक कार्यक्रम, उद्योजकांची नेटवर्कं, सगळं त्यातच बसतं. आधी ते बघा.

मालवणी_माणूस

गाववाल्यांनू, वराडचं नाव कोणी काढलं नाही म्हणून आलो!

लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान असताना डिसेंबर २०१९ मध्ये मालवण तालुक्यातल्या वराड गावी, वडिलांच्या घरी येऊन गेले. आमच्याकडे तेव्हा जो तो आयर्लंडवर बोलत होता, नकाशात कुठे आहे ते ठाऊक नसलं तरी.

पण मुद्दा वेगळाच आहे. गणपतने सांगितलेला मनीऑर्डरवाला माणूस आम्हाला नवीन नाही. त्याला आम्ही चाकरमानी म्हणतो. "मनीऑर्डर इली काय?" हा प्रश्न आमच्या आजीने पोस्टमनला आयुष्यभर विचारला. फरक कुठे आहे ते बघा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या तेव्हा कितीतरी चाकरमानी गावी परत आले. हाल झाले, भावाभावांत भांडणं झाली, पण सातबाऱ्यावर नाव होतं. घरातली एक खोली त्याची होती. आयर्लंडमध्ये लहान शेती बहुधा एकाच मुलाला जायची. बाकीच्यांनी बोट धरायची. म्हणजे पैसे पाठवणाऱ्याला परत यायला ओटीसुद्धा शिल्लक नाही. म्हणून तिथे सरकारला मध्ये पडावं लागतं, आमच्याकडे निदान काही काळ घराने ते केलं.

अवांतर: आपल्या सरकारचाही परदेशी अडकलेल्या भारतीयांसाठी २००९ पासून कल्याण निधी आहे. पण तो भरतो कसा? वकिलातीत पासपोर्ट, कागदपत्रं करायला गेलं की आपल्याकडूनच शुल्काबरोबर थोडे जास्त घेतात. थोडक्यात गड्यांचेच पैसे गड्यांना. आयर्लंड निदान तिजोरीतून देतो.

आकडेमोड

दोन्ही बाजूंची भावना पोचली. आता जरा हिशेब.

पहिली गोष्ट, गणपत यांचे पाच टक्के वळवता येणारच नाहीत. विकास मदत आणि परदेशस्थांचा निधी दोन्ही परराष्ट्र खात्याकडे, पण अर्थसंकल्पात खर्चाची शीर्षकं वेगळी, तिथे त्यांना 'व्होट' म्हणतात. पहिली मदत व्होट २७ मध्ये, दुसरा निधी व्होट २८ मध्ये. ब्रिटन हा काही विकसनशील देश नाही, त्यामुळे तिथल्या म्हाताऱ्यावर केलेला खर्च आंतरराष्ट्रीय नियमात 'मदत' म्हणून धरलाच जात नाही. खुर्ची एक असेल, खिसे दोन आहेत. तुमचं भांडण मलावीशी नाहीच, अर्थमंत्र्याशी आहे.

दुसरी गोष्ट, सडेतोड यांच्या अभिमानाला थोडी टाचणी. राष्ट्रीय उत्पन्नाचे ०.७ टक्के द्यायचे, हे संयुक्त राष्ट्रांचं १९७० पासूनचं लक्ष्य. २००० साली आयर्लंडच्या पंतप्रधानांनी न्यूयॉर्कला जाऊन २००७ पर्यंत ते गाठतो म्हणून सांगितलं. मग ते २०१२ झालं. मग २०१५. आता २०३०. आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीसारखं, दर वार्षिक सभेत पुढच्या वर्षी नक्की. २००८ मध्ये ०.५९ पर्यंत पोचले होते, तेवढ्यात बँका कोसळल्या आणि गाडी घसरत घसरत ०.३ च्या आसपास आली. म्हणजे ती जुनी भुकेची आठवण खिसा भरलेला असतानाच जास्त येते.

२०२२-२३ मध्ये पुन्हा ०.६ च्या पुढे गेले, पण त्यात मोठा वाटा आयर्लंडमध्येच आलेल्या युक्रेनियन निर्वासितांच्या राहण्याजेवणाचा. पहिल्या वर्षाचा असा खर्च मदतीत मोजायची मुभा नियमातच आहे. चोरी नाही, पण त्यातला एकही युरो आयर्लंडच्या बाहेर, आफ्रिकेत गेला नाही हेही खरं.

श्रेय द्यायचं तर दोन ठिकाणी देईन. यांची मदत बांधील नसते. पैसे देतो पण ट्रॅक्टर आमच्याच कंपनीचा घ्या, असं म्हणत नाहीत. आणि २०१२ मध्ये युगांडाच्या पंतप्रधान कार्यालयात ४० लाख युरो वळते झाल्याचं उघड झालं, तेव्हा आयर्लंडने त्या सरकारला जाणारे पैसे थांबवले आणि ते ४० लाख परत घेतले. असं फार कमी देश करतात.

डब्लिनातला_भाडेकरू

वा! मलावी झालं, बर्मिंगहॅम झालं. डब्लिनचं कोणी काही बोलेल का?

देशभरात पंधरा हजारांवर माणसं सरकारी तात्पुरत्या निवाऱ्यात आहेत, त्यात हजारो पोरं. मी एका घरातल्या एका खोलीसाठी जे भाडं भरतो त्यात पुण्यात दोन बीएचकेचा हप्ता जाईल. इथली तरुण मुलं पुन्हा ऑस्ट्रेलियाची वाट धरताहेत. म्हणजे वीस-तीस वर्षांनी मदत करायला नवे परदेशस्थ तयार करायचं काम जोरात चालू आहे. ऍपलकडून १,३०० कोटी युरोंचा कर वसूल करा असं युरोपीय न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं. त्याआधी सरकारच तो घ्यायला नको म्हणत होतं! आधी घरात दिवा लावा, मग गावात.

आणि एक सांगतो, २०२५ च्या उन्हाळ्यात इथे भारतीयांवर हल्ले झाले, तेव्हा 'यांच्यामुळे घरं मिळत नाहीत' हीच भाषा कानावर आली. घरांचा प्रश्न सोडवला नाही तर दूर आफ्रिकेला दिलेल्या पैशावरही लोक उखडतील.

सडेतोड

@भाडेकरू, ८१ कोटी वाचवून किती घरं होतील? तुम्हीच म्हणता ऍपलचे १,३०० कोटी आले. घरं पैशावाचून अडलेली नाहीत, जमीन, परवाने, गवंडी यांच्यावाचून अडली आहेत. हल्ल्यांबद्दलचं मात्र पटलं, मीही त्या आठवड्यांत रात्रीची बस टाळत होतो.

रात्रपाळी

सहसा वाचनमात्र असते. पण एनएचएसचं नाव निघालं म्हणून लिहिते. मी ल्यूटनला नर्स आहे, मूळची साताऱ्याची.

आमच्या वॉर्डात दोन वर्षांपूर्वी एक आजोबा होते, मेयो परगण्यातले, ऐंशीच्या पुढचे. उशाशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्यात घरी पाठवलेल्या पैशांच्या जुन्या पावत्या आणि तीन वेगवेगळ्या नावांची पगाराची पाकिटं. आधी वाटलं, कुणाचे तरी कागद चुकून आले. नंतर कळलं तिन्ही नावं त्यांचीच. साइटवर ज्या नावाने मुकादम उभा करेल त्या नावाने काम करायचं, कर वाचवायचा, कोणी विचारत नसे. चाळीस वर्षांनी पेन्शनचा अर्ज भरायचा तर कुठलं नाव टाकायचं?

सडेतोड, तुम्ही म्हणता एनएचएस आहे. आहे की! औषधपाणी झालं. पण पेन्शन, घराचा भत्ता, हिवाळ्यातल्या हीटिंगचे पैसे, हे सगळं अर्ज भरल्यावर मिळतं, आणि या माणसाला अर्जाची भीती वाटायची. चौथीपर्यंत शिकलेला. मग आयरिश केंद्रातली एक बाई दर मंगळवारी यायची. खुर्ची ओढून बसायची, त्याच्याशी आधी फुटबॉलवर बोलायची आणि हळूच एकेक रकाना भरायची. सहा महिने लागले. ब्रिटिश सरकारकडून त्याचं थकलेलं मिळालं. त्या बाईचा पगार याच दीड कोटीतून येतो, असं तिनेच सांगितलं. एका पगारावर असे किती म्हातारे सुटत असतील हे तुम्हीच धरा.

मेयोत मलरॅनीला सेफ होम नावाची संस्था आहे, ती अशा वृद्धांना परत न्यायला, घर मिळवून द्यायला मदत करते. बाईंनी आजोबांना विचारलं होतं, परत जायचं का. ते म्हणाले, "तिकडे आता माझ्या ओळखीचं कोण आहे? इथे निदान बसड्रायव्हर ओळखतो."

आकडेमोड

हे मला ठाऊक नव्हतं. हिशेब बदलतो. एक पगार घालून दुसऱ्या तिजोरीतून तिप्पट-चौपट बाहेर काढणं, याला गुंतवणूक म्हणतात.

सडेतोड

रात्रपाळी, हात टेकले. अर्ज भरणाऱ्या बाईंसाठी दीडाचे तीन कोटी करा, माझी हरकत नाही. उद्योजकांच्या जेवणावळींसाठी मात्र एक दमडी नको.

पण मलावीचं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथे आयर्लंडच्या पैशातून केशरी रताळ्याचं काम झालं. आपण एकादशीला खातो ते पांढरं नव्हे, आतून गाजरासारखं. त्यात अ जीवनसत्त्व, मुलांच्या डोळ्यांसाठी. गंमत अशी की रताळ्याला बियाणं विकत घ्यावं लागत नाही, वेलीचे तुकडे लावले की पसरतं. एका बाईच्या शेतातून शेजारणीच्या शेतात, तिथून माहेरी. बटाटा कुजला म्हणून ज्यांचे पूर्वज मेले, ते कंदाचे वेल वाटताहेत. पाच टक्के तोडताना ते तुटायला नकोत, एवढंच.

मालवणी_माणूस

रताळ्याचे वेल आम्हीही माहेरवाशिणीच्या पिशवीत देतो. 😀 त्याला कोणी विकास मदत म्हणाल्याचं ऐकलं नाही.

लीकाठचा_गणपत

पाच टक्के मागे घेतले. आकडेमोड म्हणतात तसं खिसेच वेगळे असतील तर मी चुकीच्या दारात उभा होतो. पण क्रम मागे घेत नाही. जे बाहेर आहेत त्यांना इथल्या सार्वत्रिक निवडणुकीत घरबसल्या मतही देता येत नाही, पोस्टाने मत फक्त वकिलातीतल्या आणि सैन्यातल्या लोकांना. म्हणून त्यांचा निधी दीड कोटी राहतो. मतदार असते तर बघितलं असतं.

मिडलटनला रविवारी जाऊन आलो. पिसं खरंच मोठी आहेत. मुलगी एका पिसाच्या आत शिरून उभी राहिली.

रात्रपाळींचं वाचून काल आजींकडे गेलो आणि विचारलं, भाऊ तिकडे कोणत्या नावाने काम करायचा? पेन्शन लागली होती का? आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "नाव? आम्ही तर त्याला जॉनीच म्हणायचो."