बदक आणि कालवे घरी करायची आहेत. लसणाचे सॉस कसे जमवावेत?

रावपुऱ्याची सून

नमस्कार. येत्या महिन्यातल्या एका रविवारी माझ्या सासऱ्यांना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत आणि जेवणाच्या बाबतीत त्यांनी पहिल्यांदाच स्वतःहून काही मागितले आहे. नोकरीच्या निमित्ताने ते तरुणपणी काही वर्षे केरळात आलप्पुळ्याला होते. तिथे खाल्लेल्या बदकाची आठवण ते अजून काढतात. शिवाय माझी नणंद मालवणला दिलेली असल्यामुळे ती येताना शिंपल्यांसकट कालवे घेऊन येणार आहे. घरात आम्ही आठ माणसे जेवायला असू. सासऱ्यांना आता झणझणीत रस्सा सोसत नाही, पण लसूण मात्र अतिशय प्रिय आहे. म्हणून दोन्ही पदार्थांना साजेल असा लसणाचा खमंग सॉस करावा असे माझ्या मनात आहे.

गेल्या रविवारी मी बदकाची रंगीत तालीम केली आणि ती पूर्ण फसली. डभोईकडच्या एका खेड्यातून साफ केलेले सव्वा किलोचे बदक मिळाले होते. एका फ्रेंच पद्धतीच्या पाककृतीप्रमाणे छातीचे तुकडे कातडीच्या बाजूने पंधरा मिनिटे परतले आणि त्याच तापलेल्या तव्यात बारीक चिरलेला लसूण घालून सॉस केला. मांस चिवट राहिले, पाककृतीत सांगितलेली वाटीभर चरबी सोडाच, चमचाभरही सुटली नाही, आणि लसूण करपून सॉस कडू झाला. मूळ कृतीत वाइन होती. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे मी तिच्याऐवजी साधे पाणी घातले, त्यामुळे चवही सपक आली. कालवे तर मी आजवर हाताळलेलीच नाहीत. माझे नेमके काय चुकले, आणि कालवांनाही हाच सॉस चालेल का? सासऱ्यांना मधुमेह आहे, त्यामुळे कालवांबद्दल थोडी धास्तीही वाटते, हेही सांगून ठेवते.

फतेगंजकर

ताई, तुमची पाककृती एका पक्ष्यासाठी लिहिलेली होती आणि तुमच्या हातात दुसराच पक्षी आला. फ्रेंच किंवा चिनी कृतींमधले बदक म्हणजे पेकिनसारख्या, खास मांसासाठी वाढवलेल्या जातीचे, जेमतेम सहा-सात आठवड्यांचे आणि कातडीखाली चरबीचा जाड थर असलेले. खेड्यातून आपल्याला मिळते ते बहुधा अंड्यांसाठी पाळलेले देशी किंवा खाकी कॅम्पबेल जातीचे बदक असते, आणि अंडी कमी झाली की ते विकायला काढतात. ते वयाने मोठे, अंगाने सडपातळ आणि तळ्यावर भरपूर हिंडलेले असते. अशा मांसातले कोलॅजन, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारे चिवट प्रथिन, पंधरा मिनिटांच्या कोरड्या आचेने सुटत नाही, उलट आवळले जाते. ओलसर उष्णतेत पुष्कळ वेळ शिजले की मगच त्याचे जिलेटिन होते आणि मांस हाडावरून सुटू लागते.

तुमच्या सासऱ्यांनी आलप्पुळ्याच्या कुट्टनाड भागात जे बदक खाल्ले असेल, तेही बहुधा भाताच्या शेतात चरणाऱ्या चारा किंवा चेंबल्ली जातीचे असणार, म्हणजे तुमच्या डभोईच्या बदकाच्या जवळचे. तिथल्या बायका ते कधीही थेट तव्यावर टाकत नाहीत. आधी मिरी, आले, लसूण आणि व्हिनेगर लावून मऊ शिजवतात, मग त्याच रसात आटवत आटवत तांबूस परततात. माझ्या शेजारी अनेक वर्षे एक केरळी कुटुंब राहत होते. नाताळात आणि ईस्टरला त्यांच्या स्वयंपाकघरात उभा राहून मी हे शिकलो.

आठ माणसांसाठी दोन बदके लागतील. शेपटीच्या मुळाशी वरच्या बाजूला पिवळसर तेलाची ग्रंथी असते, ती सुरीने पूर्ण कापून टाका. बदकाला जो उग्र वास येतो म्हणून लोक नाक मुरडतात, त्याचे एक मोठे कारण ही ग्रंथी राहून जाणे हे असते. कातडीतली पिसांची खुंटे गॅसच्या ज्योतीवर जाळून घ्या. तुकड्यांना मीठ, भरडलेली मिरी, आले आणि दोन चमचे व्हिनेगर चोळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. शनिवारी सकाळी चार-पाच वाट्या पाणी घालून कुकरला लावा, पहिली शिट्टी झाली की आच मंद करून अर्धा तास ठेवा आणि वाफ आपोआप जिरू द्या. मांस अजून हाडाला घट्ट धरून असेल तर आणखी दहा मिनिटे द्यावीत. मग तुकडे एका डब्यात आणि रस दुसऱ्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. रविवारी रसावर चरबीचा पांढरा थर गोठलेला दिसेल. तव्यावर चमचाभरही सुटली नाही म्हणता ना, ती चरबी तिथे सापडेल. ती अलगद उचलून घ्या.

आता लसूण. तीन गड्ड्यांच्या पाकळ्या न सोलता त्या चरबीत, ती कमी पडली तर जोडीला तूप घालून, अगदी मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे ठेवा. बोटाने दाबली तर लोण्यासारखी पिळून निघेल, इतकी पाकळी मऊ व्हायला हवी. दुसरीकडे बदकाचा रस आटवून निम्म्याहून कमी करा, त्यात हा लसणाचा गर घोटा, एक चमचा सोया सॉस, सुपारीएवढा गूळ आणि वाइनच्या आंबटपणाच्या जागी दोन चमचे कोकमाचे आगळ घाला. आगळात मीठ असते, म्हणून वरचे मीठ चव पाहूनच. दाटपणासाठी मैदा किंवा कॉर्नफ्लोअर लागत नाही, लसूणच सॉसला अंग देतो. शेवटी तुकडे लसणाच्याच चरबीत कातडीकडून खरपूस करून त्यावर सॉस ओता.

शहरातल्या दुकानातून गोठवलेले पेकिन मिळाले तर मात्र उलटे करावे लागते: कातडीला चिरा देऊन तुकडे थंड तव्यात ठेवायचे आणि आच नंतर हळूहळू वाढवायची, म्हणजे चरबी आधी वितळते आणि कातडी मग कुरकुरीत होते.

मालवणी माहेर

फतेगंजकरांनी बदकाचे इतके नीट सांगितले आहे की मी फक्त कालवांबद्दल लिहिते. बदकासाठी केलेला सॉस कालवांवर घालू नका, ही कळकळीची विनंती. कालव म्हणजे मुळात समुद्राचे घोटभर पाणी आणि त्यात नाजूक मांस. त्यावर आटवलेला, गुळाचा, तांबडा सॉस पडला की कालव कुठे गेले ते कळतही नाही. बदकाला लसूण संथ लागतो, कालवांना झटपट.

नणंदबाईंना सांगा की शिंपल्यांसकट आणायची असतील तर खाडीतली आणावीत. ओहोटीला खडकावरून काढतात ती लहान कालवे खडकाला इतकी घट्ट धरून असतात की ती तिथेच फोडून मांस भांड्यात गोळा करतात आणि बाजारात वाट्याने विकतात. सिंधुदुर्गातल्या खाड्यांमध्ये काही महिला बचत गट कालवांची शेती करतात, त्यांच्याकडे सुटे, बऱ्यापैकी मोठे शिंपले मिळू शकतात. प्रवासात ओल्या गोणपाटात गुंडाळून, खाली बर्फाच्या पिशव्या ठेवून आणावीत. गोड्या पाण्यात किंवा हवाबंद पिशवीत ठेवली तर ती मरतात. घरी आल्यावर फ्रिजमध्ये ओल्या फडक्याखाली. एखादे उघडे दिसले तर टिचकी मारून पाहा, मिटले नाही तर टाकून द्या, मन कचरू देऊ नका.

खास सुरीशिवाय शिंपला उघडायला जाऊ नका, हात कापतो. ब्रशने घासून, खोलगट बाजू खाली ठेवून मोठ्या पातेल्यात चाळणीवर वाफ द्या. (आमच्याकडे यासाठी वेगळे पातेलेच आहे; मोदकपात्र यात कोणी वापरत नाही, तुमच्याकडेही सासूबाईंना विचारूनच भांडे ठरवा.) शिंपले उघडले की लगेच उतरवावे, म्हणजे कालवे मऊ राहतात. आतले खारे पाणी फेकू नका, बारीक फडक्यातून गाळून घ्या.

सॉससाठी आठ-दहा पाकळ्या ठेचून खोबरेल तेलात किंवा लोण्यात मंद आचेवर कडा जेमतेम सोनेरी होईपर्यंत परता, एक हिरवी मिरची मधोमध चिरून टाका, ते गाळलेले पाणी घालून उकळी आणा. आच बंद करून मगच नारळाचे जाड दूध मिसळा, उकळत ठेवले तर ते फुटते. मीठ अजिबात नको. चमचा चमचा प्रत्येक शिंपल्यात घालून वर कोथिंबीर आणि लिंबाचे दोन थेंब.

रावपुऱ्याची सून

आपल्या दोघांचेही मनापासून आभार. एक शंका आहे. मी एके ठिकाणी कच्च्या लसणाचा दह्यातला सॉस पाहिला होता आणि काही कालवे रव्यात घोळवून तळून चक्क्यात लसूण घातलेल्या सॉसबरोबर द्यावीत असे ठरवत होते. सासूबाई मात्र मासळीबरोबर दही ताटात येऊ देत नाहीत, तो विरुद्धाहार आहे असे त्या मानतात. त्यांचे मन मोडून काही करायचे नाही. तसेच लसणाचे तेल मी आठवडाभर आधी करून बरणीत भरून ठेवले तर चालेल का?

निवृत्त शिक्षक, जीवशास्त्र

सूनबाई, लसणाच्या तेलाचे आधी सांगतो, कारण ते अधिक महत्त्वाचे आहे. तेलात बुडवलेला लसूण बरणीत भरून ओट्यावर ठेवू नये. लसूण जमिनीत वाढतो, त्याच्यावर बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, आणि तेलाखाली हवा नसल्यामुळे त्यांना विष तयार करायला नेमकी हवी तशी जागा मिळते. त्याचा वासही येत नाही आणि रंगही बदलत नाही. फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांच्या आत संपवावे. फतेगंजकरांच्या कृतीतल्या चरबीतल्या लसणालाही हाच नियम लागू आहे.

कालवांबाबत ताईंच्या एका वाक्याशी मी नम्रपणे असहमत आहे. शिंपला उघडणे म्हणजे त्याचा स्नायू सैल पडणे. आतले मांस सुरक्षित होण्याइतके शिजले आहे असा त्याचा अर्थ होत नाही. कालवे समुद्राचे पाणी गाळून जगतात आणि त्या पाण्यातले जिवाणू-विषाणूही अंगात साठवतात. कोमट समुद्रात आढळणारा व्हिब्रिओ वल्निफिकस हा जिवाणू मधुमेही आणि यकृताचे विकार असलेल्या माणसांना फार घातक ठरू शकतो, आणि लिंबू, मिरची किंवा लसूण यांनी तो मरत नाही. म्हणून शिंपले उघडल्यानंतर वाफेवर आणखी ४ ते ९ मिनिटे ठेवावीत, किंवा उकळत्या पाण्यात ३ ते ५ मिनिटे. जे उघडणारच नाहीत ते टाकून द्यावेत. ओव्हनमध्ये करायची असतील तर २३० अंश सेल्सियसला १० मिनिटे, आणि काढलेले मांस तळायचे असेल तर १९० अंशांच्या तेलात किमान ३ मिनिटे. मांस थोडे घट्ट होईल हे खरे, पण नारळाच्या दुधाचा सॉस ती उणीव भरून काढतो. बदकाच्या मांसालाही आतून ७४ अंशांपर्यंत उष्णता पोहोचायला हवी. कुकरच्या पद्धतीत ती चिंता उरत नाही.

चक्क्याचा आग्रह सोडलेलाच बरा. कच्च्या लसणाचा सॉस हवाच असेल तर ओल्या नारळाच्या दाट वाटणात करावा. लसूण ठेचला की त्यातले एक विकर (एन्झाइम) कामाला लागून अ‍ॅलिसिन तयार होते, तोच त्याचा झोंबरेपणा. आंबट माध्यमात हे विकर मंदावते, म्हणून लिंबाच्या रसातच लसूण ठेचला तर तो सौम्य राहतो आणि आधी ठेचून दहा मिनिटांनी रस घातला तर जहाल लागतो. व्हिनेगरमध्ये लसूण कधी निळसर-हिरवा झाला तर घाबरू नये, ती निरुपद्रवी रासायनिक क्रिया आहे.

मालवणी माहेर

सरांचे म्हणणे मान्य आहे. आमच्या घरी कालवांचे सुके करतो तेव्हा ती वाटणात पुरेशी शिजतातच. वाफेच्या वेळी मऊपणाच्या मोहात मी ते लिहून गेले. घरात मधुमेही माणूस असताना सरांनी दिलेली वेळच पाळावी.

रावपुऱ्याची सून

काल एका बदकावर पुन्हा तालीम केली. अर्धा तास पुरला नाही, एकूण चाळीस मिनिटे लागली. एका बदकाला मी तीन गड्ड्यांऐवजी दीड गड्डा लसूण घेतला आणि आगळ एकच चमचा, तरी सॉस जरा आंबट झाला. आमचे आगळ घट्ट आहे, त्यामुळे त्या दिवशी दोन बदकांना दीड चमच्यावर थांबेन. रसावर साधारण पाव वाटी चरबी गोठली होती. त्यातली लसूण शिजवून उरलेली चरबी आज सकाळी बटाट्याच्या काचऱ्यांना वापरली. सासऱ्यांना बदकाचे काहीच सांगितले नव्हते. त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतले आणि हे आलप्पुळ्यासारखे नाही, पण त्याच्या घरातले आहे, असे म्हणाले. सासूबाईंनी कालवांसाठी अ‍ॅल्युमिनियमचे जुने पातेले माळ्यावरून काढून दिले आहे. नणंदेला खाडीतली चाळीस कालवे, गोणपाट आणि बर्फाचे सगळे कळवले आहे. ती शनिवारी रात्री निघेल आणि रविवारी सकाळी बडोद्याला उतरेल, म्हणून कालवे दुपारच्या जेवणाआधी शेवटचा अर्धा तास राखून ठेवूनच करणार आहे.