झुर्बारानचा सेरापिओन कॉपी करतोय, पांढरा झगा जमतच नाहीये

रंगपेटी: सरांनी कॉपीला स्पॅनिश चित्रकार फ्रान्सिस्को झुर्बारानचं 'संत सेरापिओन' दिलंय, १६२८ चं. दोन्ही हात दोरीने वर बांधलेले, मान खांद्यावर पडलेली आणि उरलेलं अख्खं चित्र म्हणजे पांढरा झगा. चेहरा, हात बऱ्यापैकी आलेत पण झगा काही केल्या जमेना, टायटॅनियम व्हाइटची अर्धी ट्यूब संपली तरी चुना मारलेल्या भिंतीसारखा सपाट दिसतोय. आणि हा माणूस हालहाल होऊन मेला ना, मग रक्त कुठेच कसं नाही?

तपोवनकरीण: रक्ताचं आधी सांगते. सेरापिओन मर्सिडेरियन या ख्रिश्चन साधूंच्या पंथातला. मुस्लिम राजवटीत कैदेत पडलेल्या ख्रिश्चनांना पैसे भरून सोडवायचं हे त्यांचं काम, आणि वेळ आलीच तर कैद्याच्या बदल्यात स्वतः ओलीस राहायचं ही शपथच. तो १२४० ला मारला गेला. चित्र स्पेनमधल्या सेव्हिलच्या त्यांच्या मठासाठी काढलेलं, मेलेल्या साधूंना दफनाआधी जिथे ठेवत त्या दालनात लावायला. आपल्याच माणसाला निरोप द्यायच्या खोलीत कोण चिरफाड दाखवेल, असं आपलं माझं मत हं. गंमत म्हणजे अधिकृत संतपद त्याला मिळालं १७२८ ला, चित्रानंतर बरोब्बर १०० वर्षांनी!

जुना_वाडा: अरे ट्यूबमधला पांढरा थेट लावू नकोस, तो शेवटच्या हायलाइटला ठेव. आधी कॅनव्हासला रॉ अंबरचा (मातकट तपकिरी) पातळ हात दे, वाळू दे, मग घड्या. बाकी सगळा झगा म्हणजे पांढऱ्यात यलो ऑकर (मातकट पिवळा), अंबर, किंचित काळा, आणि खोल घडीत तर जवळपास तपकिरीच. टायटॅनियम मुळातच थंड दिसतो, त्या काळी शिशाचा पांढरा वापरायचे, तो उबदार. आणि नुसत्या मोबाईलवरच्या फोटोवरून करू नकोस रे, मेनरोडवरून जाड मांजरपाट आण, खिळ्याला टांग, एकाच खिडकीचा उजेड ठेव, दिवा बंद. गंगेवर, म्हणजे आपल्या गोदाकाठी, सकाळी बसून हे होणार नाही, तिथे चारी बाजूंनी उजेड असतो, वॉटरकलरला ठीक आहे ते.

रंगपेटी: भारी, थँक्स दोघांनाही. ताई, उजवीकडे एक कागदाचा तुकडा टाचलेला दिसतो तो काय आहे, आणि तो छातीवरचा लाल-पिवळा बिल्ला किती भडक ठेवू?

तपोवनकरीण: तो कागद रंगवलेलाच आहे, त्यावर सेरापिओनचं नाव, झुर्बारानची सही आणि साल. टाचणी मारून लावलाय असाच वाटतो, डँबिस माणूस! बिल्ल्यावर आरागॉनच्या (स्पेनमधलं जुनं राज्य) राजघराण्याचे पट्टे आहेत.

जुना_वाडा: बिल्ला शेवटी कर, झगा वाळल्यावर. चित्रात लाल असा तेवढाच आहे, त्यामुळे जरा जास्त झाला तरी डोळा तिथेच अडकेल. मूळ चित्र अमेरिकेत हार्टफर्डच्या म्युझियममध्ये आहे, साधारण १२० बाय १०३ सेंटीमीटर. तू हाफ साइज कर, नाहीतर सबमिशनपर्यंत घड्याच घालत बसशील.