२१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे हे कंप्युटरशिवाय कसं ठरवलं?

खानापूरची_पोरगी:
नमस्कार, मी बेळगावात बीसीए फर्स्ट इयरला आहे, दहावीपर्यंत मराठी मीडियम त्यामुळं गणित अजून मराठीतच डोक्यात बसतंय. सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवताना सर म्हणाले की इंटमध्ये (पूर्णांक ठेवायचा प्रकार, सहसा ३२ बिटांचा) जास्तीत जास्त २१४७४८३६४७ मावतं आणि ही मूळ संख्या आहे, ऑयलर ह्या गणितज्ञानं १७७२ सालीच दाखवून दिलंय. वर्गमूळ ४६३४० च्या वर जरासं येतंय, म्हणजे तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागायचं म्हटलं तर साडेचार हजारांवर भागाकार. एवढं हातानं केलं काय त्यांनी?

निपाणीचा_मास्तर:
नाही बाळ, युक्ती आहे आणि लई देखणी आहे. ही संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. समज क ह्या मूळ संख्येनं तिला भाग जातोय, म्हणजे २ च्या ३१ व्या घाताला क नं भागलं की बाकी १. ३१ स्वतः मूळ आहे, त्यामुळं त्याच्या आधीच्या कुठल्याच घाताला बाकी १ येऊ शकत नाही, म्हणजे बाकी १ येणारे घात ३१ च्या पाढ्यातलेच. इकडं फर्माचा नियम सांगतो की (क वजा १) व्या घातालाही बाकी १च. मग क वजा १ ला ३१ नं भाग जायलाच पाहिजे, आणि क विषम, म्हणून ६२ नं. झालं की, ६२ च्या पाढ्यात १ मिळवून येतात तेवढेच उमेदवार, बाकी सगळे बाद!

चिक्कोडी_एक्सप्रेस:
सर अजून एक चाळण आहे. ३२ व्या घाताला बाकी २ येणार, आणि ३२ वा घात म्हणजे १६ व्या घाताचा वर्ग. वर्गाची बाकी २ यायला क ला ८ नं भागून १ किंवा ७ च उरायला लागतंय. दोन्ही अटी जोडल्या की २४८ च्या पाढ्यात १ किंवा ६३ मिळवलेल्याच संख्या राहतात, ४६३४० पर्यंत पावणेचारशेच्या आत, त्यातल्याही ज्या मूळ नाहीत त्या सोडायच्या.

खानापूरची_पोरगी:
भारी! मग घात मूळ असला की संख्या पण मूळच येते काय?

निपाणीचा_मास्तर:
नाही, ११ घे. २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९, आणि बघ दोन्ही २२ च्या पाढ्यात १ मिळवूनच आलेत. तुझ्याच संख्येचं पुढं बघ की, २ चा २१४७४८३६४७ वा घात वजा १ एवढी राक्षशीण संख्या घेतली तर ती मूळ नाही, तिला २९५२५७५२६६२६०३१ नं भाग जातो. ह्यातनं १ वजा कर आणि ४२९४९६७२९४ नं, म्हणजे तुझ्या संख्येच्या दुपटीनं भाग, बरोब्बर ६८७४५ येतंय, कागदावर करून बघच.