मदत हवी आहे: ५०% नायट्रॉक्ससाठी रेग्युलेटर, एकदा साध्या हवेवर वापरला तर पुन्हा साफ करायचा का?

माझा स्कूबा डायव्हिंगचा रेग्युलेटर (सिलिंडरमधल्या गॅसचा दाब कमी करून श्वासाला देणारं उपकरण) आजवर साधी हवा आणि ३२% नायट्रॉक्सवर (म्हणजे ३२% ऑक्सिजन असलेल्या मिश्रणावर) चालला. ४०% पर्यंत वेगळी सफाई लागत नाही हा नेहमीचा नियम आहे आणि कंपनीचं मॅन्युअलही तेच सांगतं, त्यामुळे तिथे शंका नाही. आता मात्र डीकॉम्प्रेशनसाठी (वर येताना थांबे घेत शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडू देण्यासाठी) ५०% चा वेगळा सिलिंडर घेतोय आणि त्यावर हाच रेग्युलेटर बसवायचा आहे.

फर्स्ट स्टेज (रेग्युलेटरचा सिलिंडरला जोडला जाणारा भाग) पूर्ण खोलून ऑक्सिजन-क्लीन करून घेतली, म्हणजे जास्त ऑक्सिजनमध्ये पेट घेऊ शकणारं तेल-ग्रीस साफ काढलं. ओ-रिंग व्हिटॉनच्या (ऑक्सिजनला चालणाऱ्या रबराच्या) टाकल्या, सिलिकॉन ग्रीस काढून ख्रिस्टो-ल्यूब हे ऑक्सिजनला चालणारं ग्रीस लावलं. तेलाचा अंश राहिलाय का हे बघायला इनलेटचा फिल्टर यूव्ही टॉर्चखाली पाहिला, काही चमकलं नाही. (सिलिकॉन तसंही चमकत नाही, म्हणून त्या टॉर्चवर माझा फारसा भरवसा नाही.) व्हॉल्व्ह सावकाश उघडायचा, झटक्यात दाब चढला की आत गॅस तापतो, हे माहीत आहे.

अडचण वेगळीच आहे. अधूनमधून हाच रेग्युलेटर साध्या हवेच्या सिलिंडरवर लावावा लागेल. ती हवा नेहमीच्या कॉम्प्रेसरची, ऑक्सिजनसाठी वेगळी गाळलेली नाही, म्हणजे तेलाचा अंश येणारच. एक टेक्निशियन म्हणतो, एका डाइव्हने काही बिघडत नाही. दुसरा म्हणतो, सफाई तिथेच संपली, पुन्हा सगळं खोला. दुसरा रेग्युलेटर घेणं सध्या जमणार नाही. सिलिंडर आणि त्याचा व्हॉल्व्ह आधीच ऑक्सिजन-क्लीन आहेत, प्रश्न फक्त रेग्युलेटरचा.

जे स्वतः सर्व्हिसिंग करतात त्यांना विचारतो: अशा एका वापरानंतर ५०% वर जाण्याआधी पूर्ण सफाई करता, की फिल्टर आणि हाय-प्रेशर सीट (फर्स्ट स्टेजमधली जास्त दाबाचा गॅस अडवणारी गादी) तपासून पुढे जाता?