निवडून दिला एका पक्षाचा, मुदत संपेपर्यंत भलतंच : विदर्भातले मधल्या काळातले अनुभव

धागाकर्ता (हिंगणघाट तालुका, निवृत्त मास्तर)

निकालाच्या दिवशी टीव्हीवर पक्षांचे जे आकडे झळकतात ते पाच वर्षं तसेच राहत नाहीत. कुणी वारतं, कुणी राजीनामा देतं, कधी अख्खा पक्ष फुटतो. 2014 ला भाजपच्या 282 जागा आल्या होत्या. पुढची निवडणूक येईपर्यंत पोटनिवडणुकांत हरत हरत तो आकडा बराच खाली आला. नागरिकशास्त्र शिकवताना हे मी पोरांना सांगायचो तेव्हा त्यांना वाटायचं, हे सगळं दिल्लीत घडतं.

आपल्या विदर्भातल्याच लोकसभेच्या दहा जागा बघा. 2019 ला भाजप पाच, शिवसेना तीन, काँग्रेस एक, अपक्ष एक. 2023 संपताना काय होतं? सेनेचे तिघंही (बुलढाणा, रामटेक, यवतमाळ-वाशिम) शिंदे गटात. काँग्रेसची एकुलती एक चंद्रपूरची जागा रिकामी. अमरावतीच्या अपक्ष बाई आघाडीच्या पाठिंब्यावर निवडून येऊन भाजपच्या बाजूला. म्हणजे विरोधकांकडे शून्य, आणि त्यासाठी दहाही मतदारसंघांत एकही मत नव्यानं पडलं नाही.

मला कायदा पाठ आहे, पण गावात काय दिसलं ते तुम्ही लिहा. पोटनिवडणूक झाली असेल, खासदारानं पक्ष बदलला असेल, जागा रिकामी राहिली असेल, जे असेल ते. फक्त कोणता पक्ष चांगला यावर भांडू नका, त्यासाठी चौकातला पानठेला आहेच.

साकोलीकडची

मग भंडारा-गोंदियापासूनच सुरू करते. 2014 ला नाना पटोलेंनी प्रफुल्ल पटेलांना जवळपास दीड लाखांनी पाडलं होतं. तेच नानाभाऊ डिसेंबर 2017 मध्ये खासदारकी आणि भाजप दोन्ही सोडून मोकळे झाले, कारण शेतकऱ्यांचे प्रश्न सांगितलं. पोटनिवडणूक लागली 28 मे 2018 ला. आमच्याकडं 28 मे म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळायचं नाही. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू, वर तेंदूपत्त्याचा हंगाम. बाया पहाटे अंधारात जंगलात जातात, ऊन चढायच्या आत पानं घेऊन परततात आणि दुपारभर पुडके बांधत बसतात. मतदानाची वेळ सात ते सहा. सकाळचा गारवा जंगलात जातो आणि दुपारी डोकं भाजतं.

आमच्या केंद्रावर दहाच्या सुमारास यंत्र बंद पडलं. चिठ्ठी दिसणारं जे नवं यंत्र होतं ते. रांगेतल्या म्हाताऱ्या शाळेच्या व्हरांड्यात पदर डोक्यावर घेऊन बसल्या. दुसरं यंत्र येईपर्यंत अर्ध्या निघून गेल्या. माझी सासू म्हणे, "पत्ता वारून जाईन, मत काय पाच वर्सांनं पुन्हा येतेच." उन्हानं यंत्रं बिघडली असं तेव्हा सांगितलं गेलं. आमच्या मतदारसंघात 49 केंद्रांवर 30 मे ला फेरमतदान झालं, त्यात आमचं केंद्र होतं.

आता बारीक गोष्ट. पहिल्या दिवशी शाई डाव्या हाताच्या तर्जनीवर लागली होती, फेरमतदानाला मधल्या बोटावर लावतात. सासूच्या हातावर एकच काळं बोट, मधलं. माझ्या दोन बोटांवर शाई. पुढं दीडेक महिना बाजारात कुणाचाही हात बघितला की कळायचं, हा 28 लाच येऊन गेला होता की नाही.

31 ला निकाल. राष्ट्रवादीचे मधुकर कुकडे 48 हजारांच्या आसपास मतांनी निवडून आले. गंमत अशी की कुकडे एके काळी भाजपचेच तुमसरचे आमदार. भाजप सोडलेल्यानं रिकामी केलेली जागा भाजप सोडलेल्यानंच भरली, फक्त पाटी घड्याळाची लागली. वर्षभरात सार्वत्रिक निवडणूक आली, त्यांना तिकीट मिळालं नाही आणि जागा पुन्हा भाजपकडं, सुनील मेंढे. एका पंचवार्षिकात लोकसभेच्या यादीत आमची ओळ भाजप, रिकामी, राष्ट्रवादी अशी फिरली.

मोहाडीचा मास्तर

वरच्या ताईंना दुजोरा. मी तेव्हा ड्यूटीवर होतो, दुसऱ्या तालुक्यात. साहित्य घेऊन निघालो तेव्हा एसटीच्या खिडकीची दांडी हाताला चटके देत होती. दांडीला हात लावायचीच सोय नव्हती. फेरमतदानाचा आदेश आला तेव्हा मी अंघोळ करून नुकता आडवा झालो होतो, एवढंच लिहितो.

दारव्ह्याचा पेंटर

मी पाट्या रंगवतो. राजकारण माझ्या ब्रशातून जातं म्हणा. 2019 ला आमच्या यवतमाळ-वाशिममधून भावनाताई गवळी पाचव्यांदा निवडून आल्या, धनुष्यबाणावर. 2022 च्या जुलैत त्या शिंदेसाहेबांसोबत गेल्या. राज्यातून लोकसभेत सेनेचे 18 होते, त्यातले बारा आधी एका बाजूला झाले, मागाहून एक आणखी.

गावात तेव्हा काहीच झालं नाही. पाटी तीच, रंग तोच, बाण तोच. दोन्हीकडचे म्हणत, "आमीच शिवसेना." ऑक्टोबरात आयोगानं धनुष्यबाण गोठवला तेव्हा माझं काम सुरू झालं. उद्धव गटाला मशाल, शिंदे गटाला ढाल-तलवार. एका गावच्या पाटीवर बाण पुसून मशाल काढली. शेजारच्या गावात ढाल-तलवार काढली. भगव्यावर भगवा चढवायचा असतो ते सोपं वाटतं, पण जुन्या बाणाची काळी रेघ दोन हात मारूनही वर येते. आधी सफेदा मारावा लागतो, तो वाळू द्यावा लागतो, मग भगवा. मशालीच्या ज्योतीला पिवळा वेगळा. ढाल-तलवारीचे तर कुणी पैसेही नीट दिले नाहीत, कारण फेब्रुवारी 2023 मध्ये आयोगानं धनुष्यबाण शिंदे गटाला दिला आणि तीच पाटी पुन्हा माझ्याकडं आली. सफेदा, भगवा, बाण.

लोक विचारतात, मग खासदारानं राजीनामा द्यायला नको होता का? मी पेंटर, मी काय सांगू. एवढं खरं की 2024 ला ताईंना तिकीटच नव्हतं. बाण राजश्री पाटलांच्या हातात, मशाल संजय देशमुखांच्या, आणि देशमुख नव्वद हजारांवर मतांनी आले. माझी पाटी मात्र बाणाचीच आहे अजून त्या गावात. तिच्यावर कावळा बसतो.

वणीवाली

आमचा तालुका यवतमाळ जिल्ह्यात, लोकसभा चंद्रपूर. 2019 ला बाळू धानोरकर काँग्रेसकडून आले, हंसराज अहिरांना हरवून. राज्यभरात काँग्रेसचा तो एकच खासदार. 2014 चे ते सेनेचे आमदार, लोकसभेच्या तोंडावर काँग्रेसमध्ये आले होते. 30 मे 2023 ला ते गेले, वय पन्नाशीच्याही आतलं. तीनच दिवस आधी त्यांचे वडील गेले होते. वरोऱ्यात त्या दिवशी दुकानं बंद होती.

मग जून, जुलै, दिवाळी, संक्रांत. पोटनिवडणूक नाही. खासदार नसणं म्हणजे काय हे मला माझ्या जावेच्या आजारपणात कळलं. मोठ्या शहरात इलाज होता, कुणीतरी म्हणालं, मदतनिधीच्या अर्जासोबत खासदाराचं पत्र जोडा, काम लवकर होते. दीर लेटरहेड आणायला निघाला आणि वाटेत त्याच्याच लक्षात आलं. "आता कोणाले इचारावं?" म्हणून त्यानं फोन केला. शेवटी आमदाराचं पत्र घेतलं, राज्यसभेच्या एका खासदाराच्या माणसाकडं चकरा मारल्या. मदत मिळाली, उशिरानं. पत्र असतं तर लवकर मिळाली असती का, देव जाणे. पण जवळजवळ वर्षभर सहा विधानसभांच्या लोकांना लोकसभेत विचारणारं कुणी नव्हतं, आणि हे आमच्याकडच्या अर्ध्या लोकांना माहीतही नव्हतं. कापसाच्या भावावर सभागृहात कुणी बोललं असेल तर ते आमचं नव्हतं.

2024 ला त्यांच्या पत्नी प्रतिभाताई उभ्या राहिल्या आणि सुधीर मुनगंटीवारांना अडीच लाखांहून जास्त मतांनी हरवलं. त्यात त्या रिकाम्या वर्षाचा राग किती आणि सहानुभूती किती, ते मोजायचं यंत्र अजून आलेलं नाही.

धागाकर्ता

वणीच्या ताई, इथं कायदा सांगतोच, राहवत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 151क म्हणतं, रिकामी जागा सहा महिन्यांत भरा. दोनच पळवाटा. उरलेली मुदत वर्षाहून कमी असेल तर नको, किंवा निवडणूक घेणं अवघड आहे असं आयोगानं केंद्राशी बोलून प्रमाणित केलं तर नको. ती लोकसभा 16 जून 2024 ला संपत होती. 30 मे 2023 पासून मोजा, वर्षाच्या वर दोन-अडीच आठवडे उरत होते. म्हणजे पहिली पळवाट थोडक्यात हुकली होती. पुण्याची जागा त्याच वर्षी मार्चमध्ये गिरीश बापटांच्या निधनानं रिकामी झाली. तिथला एक मतदार कोर्टात गेला, मुंबई हायकोर्टानं डिसेंबर 2023 मध्ये ताबडतोब निवडणूक घ्या म्हणून सांगितलं, सुप्रीम कोर्टानं जानेवारीत त्याला स्थगिती दिली. तोवर सार्वत्रिक निवडणूक दारात. नवा सदस्य तीन-चार महिन्यांसाठी कशाला, हा आयोगाचा मुद्दा मला पटत नाही. कुकडे तरी वर्षभरासाठीच आले होते ना?

धारणीचा

मेळघाटातून. आमच्याकडं 2019 ला नवनीत राणा अपक्ष, काँग्रेस-राष्ट्रवादीचा पाठिंबा. आमच्या पाड्यावर कार्यकर्ते पंजाचं उपरणं घालून त्यांचा प्रचार करत होते. पुढं त्या कुठल्या बाजूला उभ्या राहिल्या ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. पण लोकसभेच्या यादीत त्या अपक्ष त्या अपक्षच. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, असं आहे म्हणे की अपक्षानं निवडून आल्यावर पक्षात प्रवेश केला तर पद जातं. बाहेरून टाळ्या वाजवल्या तर जात नाही. प्रवेश झाला तो 2024 च्या मार्चअखेर, निवडणूक जाहीर झाल्यावर. मग कमळावर उभ्या राहिल्या आणि वीस हजारांच्या आत हरल्या, बळवंत वानखडेंकडून. आमचा कोरकू म्हातारा विचारत होता, बाई तीच तर मागच्या बारीले मत मांगाले आलती ते पंजावाले कुठं गेले? त्याला उत्तर द्यायला मला अर्धा तास लागला.

पारशिवनीचा

नवीन पोरांना वाटतं पक्षबदल 2019 नंतर सुरू झाला. रामटेकचे सुबोध मोहिते सेनेचे खासदार, केंद्रात मंत्रीही राहिलेले. राजीनामा देऊन काँग्रेसमध्ये गेले आणि 2007 ला पोटनिवडणुकीत काँग्रेसकडून उभे राहिले. लोकांनी सेनेच्याच प्रकाश जाधवांना निवडलं. मोहितेंचं बाकी काय पटो न पटो, राजीनामा देऊन पुन्हा मत मागायला आले हे मला आवडलं होतं. तेव्हा रामटेक खुला मतदारसंघ होता, आता राखीव आहे.

पवनीकर

आमच्या आजोबांच्या तोंडून एवढंच ऐकलेलं, की 1954 च्या पोटनिवडणुकीला बाबासाहेब भंडाऱ्यातून उभे होते. तेव्हा आमच्याकडून दोन खासदार जायचे, एक सर्वसाधारण, एक राखीव. सर्वसाधारण जागा प्रजा समाजवादी पक्षाच्या अशोक मेहतांना गेली, राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर आले. बाबासाहेब हरले. आजोबा ते सांगताना दरवेळी चिडायचे, सत्तर वर्षांचे झाले तरी.

उमरखेडचा

जिल्हा यवतमाळ, लोकसभा हिंगोली, बाजार नांदेडचा. आमचे हेमंत पाटीलही 2022 ला शिंदेंसोबत गेले. 2024 ला त्यांची उमेदवारी आधी जाहीर झाली, मग बदलली, आणि त्यांच्या पत्नी तिकडं यवतमाळ-वाशिममधून उभ्या. पेंटरभाऊंनी लिहिलंय त्याच राजश्री पाटील.

पोटनिवडणूक मी जवळून पाहिली ती नांदेडची. वसंतराव चव्हाण निवडून येऊन तीन महिने होत नाहीत तोच ऑगस्ट 2024 मध्ये गेले. या वेळी जागा लगेच भरली, नोव्हेंबरात विधानसभेसोबतच मतदान. साडूच्या घरी होतो. माणूस आत जायचा आणि दोन यंत्रांवर दोन मतं द्यायचा. वसंतरावांचे चिरंजीव रवींद्र चव्हाण 1,457 मतांनी आले. साडूचं घर त्या रात्री जेवलंच नाही, आकडा मागं-पुढं होत होता.

गोंदियाहून

लोकसभेचंच चाललंय, राज्यसभेचं कुणी लिहिलं नाही. आमचे प्रफुल्लभाई 2022 ला राज्यसभेत गेले, मुदत 2028 पर्यंत. 2023 ला राष्ट्रवादी फुटली. फेब्रुवारी 2024 मध्ये त्यांनी चार वर्षं शिल्लक असताना पुन्हा अर्ज भरला, बिनविरोध आले आणि जुनी जागा सोडली. अपात्रतेच्या अर्जाची भानगड टाळायला, असं इथं सगळेच म्हणत होते. सोडलेल्या जागेवर जूनमध्ये सुनेत्रा पवार बिनविरोध. एका माणसानं दोन जागा हलवल्या आणि शाई एकाच्याही बोटाला लागली नाही.

मास्तर, एक विचारायचं होतं. पक्ष फुटल्यावर दोन तृतीयांश सोबत असले तर पद वाचतं, 2003 च्या आधी एक तृतीयांशच लागायचे, एवढं माहीत आहे. पण ते दोन तृतीयांश नुसते फुटून चालतात की दुसऱ्या पक्षात विलीन व्हावं लागतं? आमच्या चौकात यावर दोन गट आहेत.

धागाकर्ता

विलीन व्हावं लागतं. 91 व्या घटनादुरुस्तीनं 'फूट' काढून टाकली, उरलं फक्त विलीनीकरण. म्हणूनच दोन्ही गट "आम्हीच मूळ पक्ष" म्हणत बसतात, फुटलो असं कुणी कबूलच करत नाही. चौकात सांगा आणि काय म्हणतात ते कळवा.