मदत हवी आहे: शृंगारकथा लिहिणाऱ्यांच्या गटात बुजऱ्या नवीन सदस्यांचं स्वागत कसं करावं?

नमस्कार मंडळी,

संपादक मंडळाला आधीच व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं आहे, धागा राहू द्या म्हणाले. त्यामुळे "इथे असले विषय चालतात का?" हा प्रतिसाद कृपया टाळा.

आम्ही काही जण टेलिग्रामवर मराठी शृंगारकथा लिहिणाऱ्यांचा बंद गट चालवतो. चावट फॉरवर्ड, फोटो, व्हिडिओ यातलं काहीही नाही. स्वतः लिहिलेलं टाकायचं आणि त्यावर लेखन म्हणून बोलायचं. सदस्य आणि कथेतली पात्रं, दोघंही १८ पूर्ण. यात तडजोड नाही. जुने सदस्य धमाल लिहितात. एकीच्या कथेत शेवटची एसटी चुकलेली, बाहेर पाऊस, आणि लॉजचा मॅनेजर रजिस्टर पुढे सरकवून विचारतो, "नातं काय लिहू?" एवढ्यावर तिने दोन पानं नेली आहेत. कोणी कोणाला हातही लावलेला नाही, पण वाचताना पंखा एकने वाढवावा लागतो.

अडचण नवीन येणाऱ्यांची. येतात, वाचतात आणि रोमातच (नुसते वाचनमात्र) राहतात. आम्ही रीतसर "स्वागत! आपली ओळख करून द्या" टाकतो. त्यावर एक हात जोडलेला इमोजी येतो, मग शांतता. काही जण त्याच रात्री गट सोडतात.

मध्यंतरी एका बाईंनी पहिली कथा टाकली. जरा बिचकत लिहिलेली, पण संवाद फार छान. गटावर दोन प्रतिसाद आले. खासगीत मात्र काही पुरुष सदस्यांनी "हे खरंच घडलंय का?", "कुठल्या तुम्ही?" सुरू केलं. सकाळी कथाही नव्हती आणि बाईही नव्हत्या. निरोप पाठवणाऱ्यांना काढलं, पण त्या काही परत आल्या नाहीत.

तर विचारायचं हे की लाजणाऱ्या माणसाला कानकोंडं न करता आत कसं घ्यायचं? आणि नाव-गाव न विचारता वयाची खात्री कशी करायची?

— गटप्रमुख

रातराणी: अशाच एका गटात मी बरेच दिवस वाचनमात्र आहे, म्हणून माझ्या बाजूने सांगते. "ओळख करून द्या" वाचलं की पोटात गोळा येतो. ओळख लपवता येते म्हणून तर मी तिथे आले ना! आणि स्वागताच्या वेळी पन्नास लोकांनी फुलं टाकली की सगळ्यांच्या माना आपल्याकडे वळल्यासारखं वाटतं. मला हवं होतं ते एवढंच की "नुसतं वाचलंत तरी चालेल" असं कोणीतरी स्पष्ट म्हणावं. लिहिण्याचं काय, ते सुचेल तेव्हा.

दुसरं म्हणजे कथा लिहिण्याआधी मला दुसऱ्याच्या कथेवर बोलावंसं वाटतं. पण तिथे सगळे मुरलेले, आपण काय बोलणार? कोणी नेमकं विचारलं असतं, की "या कथेतला शेवट घाईत झाला का?", तर दोन ओळी नक्की लिहिल्या असत्या.

चहाबाज: ते कथेचं खरंखोटं विचारणारे सगळ्या गटांत असतात. खुनाची कथा लिहिणाऱ्याला कोणी विचारत नाही की प्रेत कुठे पुरलंत म्हणून! नियम सरळ ठेवा: लेखकाने आधी स्वतःहून "चालेल" म्हटल्याशिवाय खासगी निरोप नाही, आणि कथेतलं "मी" म्हणजे लेखक नाही. हे गटाच्या वर पिन करा. नवीन माणसाला नियम वाचायला लावण्यापेक्षा जुन्यांना वाचायला लावा.

तांत्रिक जावई: स्वागताच्या आधी माहितीची गळती बंद करा. नवीन लोक बुजरे वाटतात, त्यातले निम्मे खरं तर घाबरलेले असतात, आणि भीती खोटी नाही.

टेलिग्रामच्या गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये फोन नंबर "कोणालाही नाही" करायचा, आणि नंबरवरून शोधता येण्याचा पर्याय "माझे संपर्क" वर ठेवायचा. प्रोफाइलचा फोटो बदलायचा. लग्नातला फोटो ठेवून टोपणनाव घेणारे मी पाहिलेत. गूगल डॉक्सची लिंक देऊ नका, मालकाच्या खात्याचं नाव दिसू शकतं. वर्डच्या फाइलच्या गुणधर्मांत लेखकाचं नाव असतं, ऑफिसच्या लॅपटॉपवर लिहिलं तर कंपनीचंही असू शकतं. मजकूर थेट निरोपात चिकटवा. व्हॉट्सअॅपच्या साध्या गटात तर सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, तिथे हा उद्योग नकोच.

हे सगळं पहिल्या निरोपात सांगा. मला विचाराल तर स्वागत म्हणजे हेच.

काळा कोट: कायद्याचं थोडक्यात, कारण नवीन माणसाच्या मनात ते असतंच. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खाली अश्लील मजकूर इलेक्ट्रॉनिक रूपात प्रसारित केल्याबद्दल पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. अश्लील मजकुराबद्दलच्या जुन्या भादंविच्या (भारतीय दंड संहितेच्या) कलम २९२ च्या जागी आता भारतीय न्याय संहितेचं २९४ आहे. दोन्हीकडे साहित्य-कलेसाठी अपवाद आहे, पण तो अपवाद कोर्टात सिद्ध होतो, गटावर नव्हे. मराठीत याचा इतिहास आहे: चंद्रकांत काकोडकरांवर दिवाळी अंकातल्या लेखनासाठी खटला झाला, सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली त्यांना निर्दोष ठरवलं. म्हणून "काही होत नाही हो" असं कोणाला सांगू नका. अल्पवयीनांच्या बाबतीत तर कसलीच सूट नाही, तिथे तुमचा नियम बरोबर आहे. गटप्रमुख म्हणून तुम्ही स्वतः एकदा वकिलाशी बोलून घ्या.

बोरू: कायद्यावरून आठवलं. र. धों. कर्व्यांवर १९३४ साली जो खटला झाला, तो त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. खटला हरले, दंड झाला, तरी मासिक चालूच राहिलं. लोक तोंडाने विचारू शकत नव्हते ते पत्राने विचारत होते. तुम्हीही पत्रपेटी ठेवा: ज्याला लिहायचंय त्याने गूगल फॉर्ममध्ये टाकावं (ईमेल गोळा करण्याचा पर्याय बंद करून), आणि तुम्ही ते "पेटीतून" म्हणून गटावर द्यावं. लेखकाला प्रतिसाद वाचता येतील, टोपणनावसुद्धा पुढे करावं लागणार नाही.

आणि कृपया "आपली परंपरा किती मोकळी, गाथासप्तशती बघा, लावणी बघा" हे भाषण नवख्याला देऊ नका. त्याची लाज दोन हजार वर्षांपूर्वीची नाही, शेजारच्या खोलीत झोपलेल्या सासूची आहे.

आगाऊ: सगळ्यांनी लिहिलंच पाहिजे असं कुठे आहे? लाजू द्या की. वाचायला पण कोणीतरी लागतं. (हलके घ्या.)

गटप्रमुख: सर्वांचे आभार. आगाऊ, मान्य. पण लिहायचं असूनही गप्प बसणारे आहेत, माझा जीव त्यांच्यासाठी तुटतो. बोरू, पेटी करतोच, पण पेटीतली कथा कोणीतरी आधी वाचून १८ चा नियम तपासेल आणि मगच गटावर येईल. सदस्याच्या वयाबद्दल मात्र कोणीच बोललं नाही. कागदपत्रं मागितली की सगळे पळणार. सध्या प्रत्येकाकडून "मी १८ पूर्ण आहे" असं लेखी घेतो आणि बोलण्यावरून संशय आला तर थेट काढतो. याहून बरं काही कोणी करत असेल तर सांगा.

पहिला निरोप असा केला आहे:

"आलात, बरं वाटलं. नाव-गाव सांगू नका, आम्ही विचारणार नाही. आधी फोन नंबर लपवा, कसा ते खाली दिलं आहे. मी १८ पूर्ण आहे, एवढं एका ओळीत लिहून पाठवा. नुसतं वाचायचं असेल तर खुशाल वाचा. खासगीत कोणी त्रास दिला तर स्क्रीनशॉट पाठवा, त्याच दिवशी निर्णय होईल. या आठवड्याची कथा वर आहे. मॅनेजरने रजिस्टर पुढे केल्यावर तिने काय लिहायला हवं होतं?"

रातराणी: "त्याच दिवशी निर्णय होईल" हे वर घ्या, नंबरच्या लगेच खाली. आणि तक्रार पुरुष गटप्रमुखाकडेच करायची का? एखादी बाई ठेवा त्या कामाला, टोपणनावाने चालेल.

गटप्रमुख: बदलतो. एसटीवाल्या कथेच्या ताईंना आजच विचारतो, त्या तयार असतील तर तक्रारींसाठी त्यांचं टोपणनाव देतो. वयाच्या प्रश्नावर अजून उत्तर हवं आहे, धागा वर ठेवा.